गुंजेचे कवच आणि आतले विष

सातारा-सांगली भागात कुंपणावर, ओढ्याकाठच्या झुडपांवर गुंजेचा वेल चढलेला दिसतो. शेंगा वाळून तडकल्या की लालभडक, टोकाला काळा ठिपका असलेल्या बिया मुलांना खुणावतात. सराफांच्या तराजूत याच बियांनी सोने तोलले जाई : ८ गुंजांचा १ मासा, १२ माशांचा १ तोळा. वेलीचा पाला गोड, तो विड्यातही घालतात. त्यामुळे बीही निरुपद्रवी असेल, असा समज होतो. तो धोक्याचा आहे.

हौसेने वेल लावणाऱ्यांचा अनुभव असा, की गुंजेची बी तशीच पेरली तर लवकर रुजत नाही. तिचे टणक कवच पाणी आत शिरू देत नाही. म्हणून बी आधी पॉलिशपेपरवर घासतात आणि रात्रभर पाण्यात भिजवतात. थंड देशांतल्या बागांत ल्युपिनच्या बियांसाठीही हीच युक्ती वापरतात. दोन्ही वनस्पती शेंगवर्गातल्या आणि दोन्हींच्या बिया विषारी; पण गुंजेचे विष कितीतरी जहाल.

हेच कवच माणसालाही वाचवते. अख्खी गिळलेली बी बहुधा न पचता शौचावाटे पडून जाते. चावलेली, माळेसाठी भोक पाडलेली किंवा पेरणीसाठी घासून भिजवलेली बी मात्र जीवघेणी ठरू शकते. तिच्यातले ॲब्रिन पेशींमधली प्रथिननिर्मिती बंद पाडते. खाल्ल्यावर पहिला तडाखा आतड्याच्या अस्तराला बसतो.

लक्षणे काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी दिसतात : उलट्या, पोटात मुरडा, रक्ताचे जुलाब. अंगातले पाणी कमी होऊन रक्तदाब घसरतो. पुढे यकृत, मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. ॲब्रिनवर उतारा नाही. सलाइन आणि बारकाईची देखरेख, हाच उपचार. म्हणूनच वेळ मोलाची.

मुलाने बी खाल्ल्याची शंका आली तर तोंडातले तुकडे काढून चूळ भरायला लावावी. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. मूल हसतखेळत असले तरी थेट रुग्णालय गाठावे. गाडी नसेल तर १०८ला फोन करावा. उरलेल्या बिया सोबत न्याव्यात.

पेरणीसाठी भिजवलेल्या बियांची वाटी स्वयंपाकघरात ठेवू नये; भिजत घातलेल्या कडधान्याशेजारी तर मुळीच नको.