पीक वाढले, पण औषध उतरले का?

चैत्रात आपण देवाला दवणा वाहतो. त्याच दवण्याच्या कुळात ‘आर्टेमिसिया ॲनुआ’ ही वनस्पती येते. चिनी वैद्यकात ती चिंगहाओ या नावाने ओळखली जाते. चौथ्या शतकात चिनी वैद्य गे हाँग यांनी हिवतापासाठी तिचा पाण्यात भिजवून पिळलेला रस सांगितला होता. त्यावरून चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांना सुचले की उकळल्याने औषधी गुण जात असावा. त्यांनी कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला आणि १९७२ मध्ये आर्टेमिसिनिन हे औषधी द्रव्य शुद्ध रूपात हाती आले. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

या औषधाची मागणी वाढली तशी या वनस्पतीची शेती व्हिएतनाम, पूर्व आफ्रिका, मादागास्कर आणि भारतात पसरली. पण रोप जगले म्हणजे औषध मिळाले, असे नाही. खुद्द चीनमध्येही बीजिंगकडच्या झाडांत हे द्रव्य अगदी कमी निघाले, तर सिचुआनकडच्या झाडांत भरपूर.

आर्टेमिसिनिन पानांवरच्या सूक्ष्म ग्रंथींत साठते आणि फुलोऱ्याच्या सुमारास सर्वाधिक असते. हे झाड दिवस साधारण साडेतेरा तासांहून लहान झाला की फुलू लागते. विषुववृत्ताजवळ दिवस वर्षभर बारा तासांच्या आसपासच असतो. त्यामुळे तिथे पाला धरण्याआधीच रोप फुलते आणि उत्पादन घटते. म्हणून उशिरा फुलणारे संकरित वाण तयार झाले, लागवड केनिया-टांझानियाच्या उंच भागात गेली. आपल्याकडे लखनौच्या ‘सीमॅप’ या संशोधन संस्थेने ‘सिम-आरोग्य’सारखे जास्त आर्टेमिसिनिन देणारे वाण विकसित केले.

बाजारही तितकाच लहरी आहे. २००५ च्या सुमारास भाव गगनाला भिडले, लागवड बेसुमार वाढली आणि दोनच वर्षांत भाव कोसळले. अनेक शेतकऱ्यांनी पीक सोडून दिले.

म्हणून कोणतीही परदेशी वनौषधी लावण्यापूर्वी शेतकऱ्याने तीन गोष्टी पाहाव्यात: आपल्या अक्षांशाला जुळणारे वाण, पाल्यातील द्रव्याची प्रयोगशाळेत तपासणी आणि खरेदीचा लेखी करार. रुग्णांनी मात्र आर्टेमिसियाच्या पाल्याचा काढा पिऊन हिवतापावर उपचार करू नयेत. काढ्यात द्रव्याचे प्रमाण अनिश्चित असते, अपुऱ्या मात्रेने रोगजंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनाही अशा काढ्याची शिफारस करत नाही. गडचिरोलीसारख्या हिवतापग्रस्त जिल्ह्यात फाल्सिपेरम प्रकारच्या हिवतापाच्या रुग्णाला आधार आहे तो याच द्रव्यापासून बनलेल्या संयुक्त गोळ्यांचा. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि पूर्ण मात्रेतच घ्याव्यात.