तिसरी टाकी

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबांना घेऊन मी दादाकडे पोर्टलंडला जाऊन आले, हे मंडळातल्या बऱ्याच जणांना आता माहीत आहे. कोजागिरीला ज्याने त्याने विचारलं, "मग, काय काय पाहिलंत?" आणि बाबांनी उत्तर द्यायचं सोडून प्रत्येक वयस्कर माणसाला उलट एकच प्रश्न विचारला. तो प्रश्न मसाला दुधाच्या वेळी विचारण्यासारखा नव्हता, असं आईचं मत. म्हणून सगळं पहिल्यापासून इथे लिहिते.

समुद्रावर जायचं ठरलं तेव्हा दादा म्हणाला, "हॉटेल नको, आरव्ही घेऊ." आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. आमचं चोवीस फुटी होतं, तीन रात्रींसाठी भाड्याने घेतलेलं. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक पलंग, मागे एक, जेवायचं टेबल खाली पाडलं की तिसरा. गॅसची शेगडी, फ्रिज, आणि कपाटाएवढं संडास-बाथरूम. चालवायला नेहमीचं लायसन्स पुरतं. बाबांनी आत एक फेरी मारली आणि म्हणाले, "एसटीत संसार मांडलाय." खरं कारण आईचे गुडघे होते. तंबूत तिला झोपता आलं नसतं आणि रात्री उठून लांबच्या संडासाला जाणंही जमलं नसतं.

आम्ही गेलो ते फोर्ट स्टीव्हन्स स्टेट पार्कला. ओरेगन राज्याचं अगदी वायव्य टोक, कोलंबिया नदी जिथे पॅसिफिकला मिळते ते. पोर्टलंडहून साधारण शंभर मैल. तिथल्या सरकारी पार्कांचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं, आणि उन्हाळ्याच्या जागा भराभर जातात. तुमच्यापैकी कुणी भावा-बहिणीकडे जाणार असाल तर तिकिटाच्याही आधी हे बघा. दादाने थंडीतच जागा धरली होती, तरी सगळ्या सोयींची मिळाली नाही. आमच्या जागेवर वीज आणि पाण्याचा नळ होता, सांडपाण्याची जोडणी नव्हती. पुढचं सगळं रामायण त्यामुळेच.

झाडीतली जागा, लाकडी टेबल, शेकोटीसाठी लोखंडी कडं. रात्री दहानंतर आवाज बंद, आणि तो खरोखरच बंद होतो. पहिल्या सकाळी एल्क नावाची, सांबराहून थोराड जनावरं झाडांमधून शांतपणे चालत गेली. आई तेव्हा थेपले गरम करत होती. भाची ओरडणार तेवढ्यात वहिनीने तिच्या तोंडावर हात ठेवला.

किनाऱ्यावर 'पीटर आयरडेल' या चार डोलकाठ्यांच्या पोलादी जहाजाचा सांगाडा आहे. २५ ऑक्टोबर १९०६ ला ते वाळूत रुतलं. माणसं सगळी वाचली, जहाज राहिलं. आता गंजलेल्या बरगड्या तेवढ्या उभ्या आहेत. ओहोटीला पोरं त्यांच्या आतून पळतात. पाणी मात्र उन्हाळ्यातही इतकं गार की घोटे बधिर होतात, आणि लाटेबरोबर येणारे ओंडके माणसाला चिरडू शकतात. तिथे समुद्राकडे पाठ करून फोटो काढू नका. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. ओरेगनचा सगळा किनारा लोकांसाठी मोकळा आहे. १९१३ साली तिथल्या गव्हर्नरने ओली वाळू सरकारी रस्ता म्हणून जाहीर करून घेतली आणि १९६७ च्या कायद्याने कोरड्या वाळूवरचा लोकांचा हक्कही पक्का झाला. कुणी हॉटेलवाला कुंपण घालून 'आमचा बीच' म्हणू शकत नाही.

बाबांना किल्ल्यात रस. नदीच्या तोंडाची राखण करायला अमेरिकेच्या यादवी युद्धात बांधलेला हा तळ. २१ जून १९४२ च्या रात्री एका जपानी पाणबुडीने त्यावर तोफा डागल्या. तळावरच्या अधिकाऱ्याने उलट गोळीबार करू दिला नाही, कारण आपल्या तोफा कुठे आहेत ते शत्रूला कळलं असतं. नुकसान काय, तर बेसबॉलच्या मैदानाचं थोडंसं. काँक्रीटच्या त्या रिकाम्या तोफखान्यात बाबा दोन तास फिरले.

आता टाक्या. आरव्हीला तीन असतात. एक चांगल्या पाण्याची, दुसरी भांडी-अंघोळीच्या पाण्याची, तिसरी संडासाची. तिसरीला तिकडे सरळ 'ब्लॅक टँक' म्हणतात. भिंतीवर छोटे दिवे असतात, कुठली टाकी किती भरली ते दाखवणारे. घरी आपण फ्लश ओढतो आणि विषय संपतो. इथे तो संपत नाही, आपल्याच पायाखाली साठत राहतो. सहा माणसं. दिवसा सगळ्यांनी पार्कातली स्वच्छतागृहं वापरायची, गाडीतलं फक्त आईसाठी आणि रात्रीसाठी, असा वहिनीचा नियम होता. तरी तिसऱ्या सकाळी दिवा शेवटच्या खुणेवर पोचला.

निघताना रिकामी करण्याच्या जागेवर रांगेत उभे राहिलो. उताराची सिमेंटची फरशी, मधे झाकणाचं भोक, बाजूला नळ आणि 'पिण्याचे पाणी नव्हे' अशी पाटी. बाबांनी काचेतून इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "माणूस कुठे आहे?"

"कुठला माणूस?"

"हे करणारा."

दादा हातमोजे चढवत म्हणाला, "मीच की, बाबा."

बाबा गप्प झाले. मी खिडकीतून बघत होते आणि खोटं कशाला सांगू, मलाही कसंतरी झालं. आमच्या घरात दादाने कधी स्वतःचं ताट उचललं नव्हतं. पुढच्या गाडीतले पांढऱ्या केसांचे आजोबा आपली नळी धुता धुता त्याला शिकवत होते. आधी काळी टाकी सोडायची, मग दुसरी, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. हवामानावर बोलावं तसं बोलत होते.

नळीचं तोंड भोकातून सारखं उसळत होतं. धरायला कुणीतरी हवं होतं. मी उठायच्या आत बाबा खाली उतरले होते. हातमोज्यांचा दुसरा जोड घालून ते उकिडवे बसले आणि दोन्ही हातांनी नळी धरली. दादाने खटका ओढला. नळीचा एक सांधा पारदर्शक असतो, सगळं गेलं की नाही ते कळावं म्हणून. बाबा शेवटपर्यंत त्या सांध्याकडे बघत होते. बहात्तर वर्षांचा माणूस. आईने तोंड फिरवलं.

अस्टोरिया मागे पडेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दांडिया बाजारातल्या आपल्या जुन्या घराला मागून एक बोळ होता."

त्या बोळात, संडासाच्या खाली, एक पत्र्याचं दार होतं. आत टोपली. रोज सकाळी एक बाई यायची, दार उघडून टोपली ओढायची आणि डोक्यावरून न्यायची. बाबा सात-आठ वर्षांचे. ती आली की बाजूला व्हायचं, एवढं त्यांना शिकवलेलं. पणजी वरून पाणी ओतायची आणि शिळी पोळी ओट्याच्या कडेला ठेवायची, हातात नाही. दिवाळीला जुनं लुगडं. पुढे फ्लश आला, बोळ बंद झाला, बाई यायची थांबली.

"बारा माणसांचं घर," बाबा म्हणाले. "ती एकटी. आणि मला तिचं नाव माहीत नाही."

आपल्याकडे या कामावर कायद्याने बंदी आली १९९३ साली, मग २०१३ साली आणखी कडक कायदा झाला. तरी गटारात उतरलेली माणसं मेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेव्हा मी खूश झाले होते, कोकणात अशा गाड्या फिरतील म्हणून. आता ते आठवलं की पहिला प्रश्न मनात येतो तो तिसऱ्या टाकीचा. ती कोण सोडणार, आणि त्याच्या हातात मोजे असतील का?

बाबांनी पोर्टलंडहूनच इंदूरच्या मोठ्या आत्याला फोन लावला. तिचं वय एक्याऐंशी. तिलाही नाव आठवेना. तिला आठवलं ते एवढंच, की बाईबरोबर कधीकधी एक लहान मुलगा यायचा आणि बोळाच्या तोंडाशी उभा राहायचा, आत येत नसे. "तुझ्याच वयाचा असेल," आत्या बाबांना म्हणाली.

कोजागिरीला बाबा जे विचारत होते ते हेच. १९६५ च्या आधी दांडिया बाजारात त्या बाजूला राहिलेलं कुणी तुमच्या घरात असेल, तर त्यांना जरूर विचारा. आणि काही आठवलं तर रविवारी सकाळी बाबा मंडळाच्या वाचनालयात असतात.