मानवी अपव्यापार : चर्चासंध्येतील शब्द आणि अर्थ

मानवी अपव्यापार आणि त्याच्या मुळाशी असलेले जागतिक अन्याय यांविषयी लोकजागृती व्हावी या हेतूने ग्रंथालयांत, महाविद्यालयांत आणि मंडळांच्या सभागृहांत सायंकाळच्या चर्चेच्या बैठका भरविण्याची प्रथा अलीकडे रूढ होत आहे. समाजशास्त्रज्ञ व विधिज्ञ या बैठकींचा विचार आपापल्या दृष्टीने करतीलच. परंतु चर्चा ही शब्दांच्या द्वारे चालत असल्याने भाषाभ्यासकासही तीत काही कर्तव्य आहे. ज्या शब्दाने विषय मांडावयाचा तो शब्दच श्रोत्यांच्या मनात भलताच अर्थ उत्पन्न करीत असेल, तर पुढील सर्व प्रतिपादन कितीही कळकळीचे असले तरी व्यर्थ होते. प्रस्तुत लेखात या अडचणीचे स्वरूप स्पष्ट करून तिच्या निरसनाचा मार्ग दाखविण्याचे योजिले आहे.

१

या अपराधास मराठीत आज निदान तीन नावे प्रचारात आहेत : ‘मानवी वाहतूक’, ‘मानवी तस्करी’ आणि ‘मानवी अपव्यापार’. त्यांपैकी पहिले शासकीय व्यवहारात विशेष आढळते. या कामासाठी नेमलेल्या पोलीस कक्षाच्या नावातही ‘अनैतिक मानवी वाहतूक’ असेच शब्द आहेत. हा शब्द कोठून आला हे उघड आहे. इंग्रजीतील ‘ट्रॅफिक’ या शब्दाचा जुना अर्थ व्यापार, देवघेव असा असून वाहनांची वर्दळ हा अर्थ त्याला मागाहून चिकटला. भाषांतरकाराने मागाहूनचा अर्थ घेतला आणि जुना टाकला. परिणाम असा, की ‘मानवी वाहतूक’ हे शब्द ऐकताच सामान्य मराठी श्रोत्याच्या डोळ्यांपुढे मोटारी आणि रस्ते उभे राहतात. एका बैठकीत एका वृद्ध गृहस्थांनी, “हा प्रश्न परिवहन खात्याकडे का नेत नाही ?” असे प्रामाणिकपणे विचारल्याचे प्रस्तुत लेखकाने ऐकले आहे. सभागृहात हशा पिकला; पण चूक त्या गृहस्थांची नव्हती.

‘तस्करी’ या शब्दाची अडचण निराळी आहे. संस्कृतात तस्कर म्हणजे चोर. आजच्या मराठीत सीमेवरून चोरून माल आणणारा, असा त्याचा अर्थ स्थिरावला आहे. त्यामुळे ‘मानवी तस्करी’ म्हटले की सरहद्द ओलांडणे हा त्या अपराधाचा गाभा आहे, असा ग्रह होतो. वस्तुतः संयुक्त राष्ट्रसंघाने २००० साली या विषयावर जो पूरक करार स्वीकारला, त्याच्याच जोडीला स्थलांतरितांना चोरून सीमापार नेण्याविषयीचा करार स्वतंत्रपणे केला. हे दोन अपराध एक नव्हेत, हेच त्यातून सूचित होते. पहिला अपराध माणसाच्या विरुद्ध आहे, दुसरा मुख्यतः राज्याच्या सीमाविषयक नियमांविरुद्ध. एखादी मुलगी शेजारच्या तालुक्यातून आणली गेली, किंबहुना ती स्वतःच्या गावातून हललीही नाही, तरीही पहिला अपराध घडू शकतो.

उरला ‘अपव्यापार’. भारतीय संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने माणसांच्या ज्या व्यवहारास मनाई केली आहे, त्यास मराठी पाठात हाच शब्द योजिला आहे. अपहार, अपव्यय यांतील ‘अप’ हा उपसर्ग येथे निंद्यत्व दाखवितो आणि ‘व्यापार’ हा शब्द खरेदीविक्रीचा मूळ अर्थ सांभाळतो. अर्थाच्या दृष्टीने हा शब्द तिहींत निर्दोष आहे. मात्र तो बोलीत रुळलेला नाही, हा त्याचा दोष मान्य केला पाहिजे.

२

शब्द निवडल्यावर त्याची व्याख्या सांगणे क्रमप्राप्त आहे. उपरिनिर्दिष्ट कराराप्रमाणे या अपराधाची तीन अंगे आहेत : कृती, साधन आणि हेतू. भरती करणे, वाहून नेणे, हस्तांतरित करणे, आसरा देणे किंवा ताब्यात घेणे ही कृती होय. वाहतूक ही या पाचांपैकी केवळ एक आहे, हे लक्षात घ्यावे. बळ, धाकदपटशा, अपहरण, फसवणूक, अधिकाराचा वा दुसऱ्याच्या असहायतेचा गैरफायदा, अथवा ज्याच्या ताब्यात तो मनुष्य आहे त्याला पैसे चारणे, ही साधने होत. आणि शोषण हा हेतू होय. त्यात देहविक्रयाबरोबरच सक्तीचे श्रम, गुलामगिरी व अवयव काढून घेणे यांचाही समावेश होतो. यांपैकी साधन सिद्ध झाले, की पीडित व्यक्तीने ‘होकार’ दिला होता हा बचाव टिकत नाही. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत तर साधन सिद्ध करण्याचीही आवश्यकता नाही. आपल्याकडे २०१३ साली दंडसंहितेच्या ३७० व्या कलमात या धर्तीची व्याख्या आली आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमात ती कायम राहिली.

चर्चेत होकाराचा मुद्दा हमखास निघतो. “ती माणसे आपखुशीनेच जातात ना ?” हा प्रश्न दुष्ट बुद्धीने विचारलेला नसतो. त्यास उत्तर म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात दिलेला निर्णय सांगण्यासारखा आहे. भूक आणि दारिद्र्य यांमुळे किमान वेतनाहून कमी वेतनावर काम पत्करावे लागणे हीही सक्तीच होय, आणि ती २३ व्या अनुच्छेदाचा भंग करते, असे न्यायालयाने त्यात म्हटले. ‘बळ’ या शब्दाचा अर्थ हातातील काठीपुरता मर्यादित नाही, हा त्यातील बोध भाषाभ्यासकालाही महत्त्वाचा वाटावा.

३

वरील विवेचन बरोबर असले, तरी त्याने श्रोता जागा होतोच असे नाही. त्याला आपल्या ओळखीचा शब्द सापडावा लागतो. मराठीत तसे शब्द आहेत. ‘वेठ’ हा शब्द संस्कृत ‘विष्टि’पासून आला आणि ‘बिगार’ फारसीतून. बाजारहाट, कागदपत्र यांप्रमाणे एकाच अर्थाचे दोन शब्द जोडून ‘वेठबिगार’ झाला. एका राजवटीची वेठ आणि दुसरीची बिगार लोकांनी भोगली, आणि भाषेने दोहोंची नोंद ठेवली. आजही कोणी कोणाला ‘वेठीस धरतो’ तेव्हा आपण नकळत तोच इतिहास उच्चारत असतो.

दुसरा शब्द ‘उचल’. बीड व लगतच्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे दर वर्षी ऊसतोडीच्या हंगामासाठी बाहेर पडतात. मुकादम हंगामापूर्वी त्यांना आगाऊ रक्कम देतो. तिला उचल म्हणतात. नवराबायकोच्या जोडीला मिळून ‘एक कोयता’ म्हणतात. माणसे हत्याराच्या नावाने मोजली जातात, ही गोष्ट अनेक आकडेवारींहून अधिक सांगून जाते. प्रत्येक उचल हा अपव्यापार आहे असे मात्र म्हणता येणार नाही, आणि तसे म्हणणे अन्यायाचेही होईल. १९७६ च्या वेठबिगार पद्धती निर्मूलनाच्या कायद्याने कसोटी घालून दिली आहे. आगाऊ रकमेपोटी मनुष्य नाममात्र वेतनावर वा विनावेतन राबत असेल, दुसरे काम पत्करण्याचे किंवा मोकळेपणी कोठेही जाण्याचे त्याचे स्वातंत्र्य हिरावले गेले असेल, तर ती उचल न राहता बेडी होते. अशा वेळी ते वेठबिगारीचे कर्ज नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने देणाऱ्यावर टाकली आहे, मजुरावर नव्हे.

एका बैठकीत एक बाई म्हणाल्या, “तुम्ही सांगता तसले आमच्याकडे काही नाही. उचल मात्र फिटली नाही म्हणून धाकट्या दिराला तिकडेच ठेवून घेतले आहे.” त्या दिवशीच्या व्याख्यानात ‘वाहतूक’ हा शब्द अनेकदा आला होता, ‘उचल’ एकदाही आला नव्हता. वक्त्याने तो उच्चारला असता, तर हे वाक्य चर्चेच्या अखेरीस न येता आरंभीच आले असते.

४

आता जागतिक बाजू. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणे २०२१ मध्ये जगात सुमारे २ कोटी ७६ लाख माणसे सक्तीच्या श्रमात आणि सुमारे २ कोटी २० लाख सक्तीच्या विवाहबंधनात होती. एवढा आकडा ऐकून श्रोता दिपतो आणि दूर सरतो. म्हणून त्याला जवळचा धागा द्यावा. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले, तेव्हा ते अमेरिकेत निग्रो लोकांस दास्यातून मुक्त करणाऱ्या तेथील सदाचारी जनांस अर्पण केले. दूरच्या अन्यायाशी घरच्या अन्यायाची तुलना करण्याची ही रीत मराठीत दीडशे वर्षांची आहे.

दुसरा धागा मॉरिशसचा. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी १८३३ च्या कायद्याने संपुष्टात येऊ लागली, तेव्हा उसाच्या मळ्यांना करारबद्ध मजूर हवे झाले. १८३४ पासून हिंदुस्थानातून तेथे गेलेल्या मजुरांत मराठी भाषकही होते. मॉरिशसमधील मराठी समाज त्यांचाच वंशज होय. ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाचे ‘गिरमिट’ झाले ते याच मजुरांच्या तोंडी. कराराचा कागद होता, अंगठाही होता. स्वातंत्र्य तेवढे नव्हते. गोपाळ कृष्ण गोखले यांनी ही पद्धत बंद करण्याचा ठराव १९१२ साली वरिष्ठ कायदेमंडळात मांडला. तो संमत झाला नाही. परंतु लोकमत जागृत होत गेले आणि १९१७ मध्ये ही भरती थांबविण्यात आली. लोकजागृतीने काय साधते, असे विचारणाऱ्यास हे उदाहरण द्यावे.

५

या विवेचनावरून बैठकीच्या योजकांसाठी काही सूचना निष्पन्न होतात. आरंभ आकड्यांनी न करता श्रोत्यांच्या शब्दांनी करावा. आगाऊ पैसे, दलाल, कामासाठी परगावी गेलेली मुले यांना त्यांच्या गावात काय म्हणतात, हे आधी त्यांनाच विचारावे आणि फळ्यावर लिहावे. मग प्रत्येक शब्दाला कृती, साधन व हेतू यांची कसोटी लावून पाहावी. पीडितांची करुण चित्रे दाखविण्याचा मोह टाळावा, कारण त्यांमुळे दया उत्पन्न होते, पण ओळख पटत नाही. व्याख्यान थोडे ठेवून चर्चेला वेळ द्यावा. आणि अखेरीस दाद कोठे मागावी हे स्पष्ट सांगावे : वेठबिगारीची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे वा कायद्याने नेमलेल्या दक्षता समितीकडे, मुलांविषयीची १०९८ या दूरध्वनी क्रमांकावर, तातडीची ११२ वर.

पारिभाषिक शब्दांची निर्मिती ही आपल्या विद्यापीठांनी पत्करलेली जबाबदारी आहे. त्या कामात अचूकपणाइतकाच विचार आणखी एका गोष्टीचा व्हावा : ज्याच्यावर अन्याय होतो त्याला तो शब्द ऐकून आपली स्थिती ओळखता येते काय ? ‘अपव्यापार’ हा शब्द कायद्यात ठेवावा. सभेत मात्र त्याच्या शेजारी ‘वेठ’ आणि ‘उचल’ यांना बसवावे, म्हणजे त्या बाईंचे वाक्य पुढच्या बैठकीत आरंभीच ऐकू येईल.