घरातील समुद्र आणि माशांचा थवा

दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे मूळचे खेडे. आज तेथील अरुंद गल्ल्यांच्या दुतर्फा उंच इमारती दाटल्या आहेत आणि सर्वांत जवळचा समुद्रकिनाराही आठशे किलोमीटरांपलीकडे आहे. मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उघडले, ते समुद्राच्या अगदी कडेला. मुनिरक्यातील एखाद्या खोलीत प्रवाळबेटांवरचे मासे पाळावयाचे, तर प्रथम समुद्रच घडवावा लागतो.

या माशांपैकी क्रोमिस नावाचा हिरवट-निळा मासा हौशी लोकांना विशेष प्रिय आहे. लांबी जेमतेम बोटाएवढी. हिंदी व प्रशांत महासागरांतील प्रवाळांच्या फांद्यांवर त्याचे मोठमोठे थवे तरंगत असतात व पाण्याबरोबर वाहत येणारे सूक्ष्म जीव टिपतात. शत्रूची चाहूल लागताच सारा थवा क्षणार्धात फांद्यांत शिरतो. अनेक डोळे पहारा करीत असल्यामुळे धोका लवकर उमगतो आणि अनेकांत एकट्यावर घाला पडण्याचा संभवही कमी होतो. थवा हे त्या लहान जीवाचे संरक्षणच होय.

आता पाण्याकडे वळू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांपैकी सुमारे ८५ टक्के भाग खाण्याच्या मिठाच्या घटकांचा असला, तरी उरलेल्या भागात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम व गंधकयुक्त क्षार असतात. म्हणून केवळ स्वयंपाकघरातील मीठ घालून समुद्रजल होत नाही. मत्स्यालयासाठी तयार केलेले क्षारमिश्रणच घ्यावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन व बोअरच्या पाण्यात नाना प्रकारचे क्षार असतात. म्हणून ते गाळणयंत्रातून शुद्ध करून वापरावे. ३०० लिटरच्या टाकीस साडेदहा किलो मिश्रण लागते. काच, दगड व पाणी मिळून तिचे वजन ४०० किलोंच्या घरात जाते; म्हणून तिची जागा इमारतीची मजबुती पाहूनच ठरवावी.

पाणी तयार झाले म्हणजे मासे सोडावेत, असे नाही. माशाच्या शरीरातून सतत अमोनिया बाहेर पडतो व तो विषारी असतो. समुद्रजल अल्कधर्मी असल्यामुळे त्याचा विषारीपणा अधिकच वाढतो. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्याचे बरेच सौम्य असे नायट्रेट करतात. हे कार्य जिवाणूंचे आहे, हे विनोग्राद्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवून दिले. दगडांवर व वाळूत या जिवाणूंची वस्ती होण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत थोडा अमोनिया घालून त्यांचे पोषण करावे. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याचे तपासणीत दिसले, म्हणजेच मासे आणावेत. जो हा महिना धीराने काढत नाही, त्याचे मासे पहिल्याच पंधरवड्यात मरतात.

दिल्लीचे हवामानही ध्यानात ठेवले पाहिजे. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे व हिवाळ्यातील रात्री १० अंशांखाली जातो. माशांना मात्र बारा महिने २५ ते २७ अंश तापमान हवे. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, समुद्रजलात सुमारे ७. पाणी तापले की तो आणखी घटतो. अशा वेळी वीज गेली व पाणी खेळते राहिले नाही, तर थवा गुदमरतो. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावा. उन्हाळ्यात पाण्याची वाफ होते, पण क्षार मागेच राहतात. ती तूट शुद्ध गोड्या पाण्याने भरावी. खारे पाणी घातल्यास क्षारता दिवसेंदिवस वाढत जाते.

इतके केल्यावरही एक प्रश्न उरतो. लहान टाकीत तीन-चार क्रोमिस ठेवले, तर त्यांत लवकरच उच्चनीच भाव निर्माण होतो. बलवान मासा दुर्बलास कोपऱ्यात रेटतो, त्यास खाऊ देत नाही आणि अखेर एकेक करीत थवा संपतो. समुद्रात दुर्बलास पळून जाण्यास जागा असते. टाकीत काच आडवी येते. म्हणून टाकी लांब असावी, लपण्याच्या जागा पुष्कळ असाव्यात, मासे सारख्या आकाराचे, सात-आठ तरी व एकाच वेळी सोडावेत आणि खाद्य दिवसातून अनेकदा थोडथोडे द्यावे. तरीही भांडणे थांबतीलच, अशी हमी देता येत नाही.

अखेरचा विचार मासे आणावयाचे कोठून, याचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळांचा समावेश झाला. म्हणून टाकीत निर्जीव वा कृत्रिम दगडच वापरावा. कोची येथे मुख्यालय असलेल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने विदूषक मासा व क्रोमिसच्याच कुळातील अनेक मासे हौदांत वाढविण्याच्या पद्धती सिद्ध केल्या आहेत. असे हौदात जन्मलेले मासे खाद्य लवकर स्वीकारतात व त्यांच्यासाठी कोणतेही प्रवाळबेट रिते करावे लागत नाही. विक्रेत्याकडे मासा कोठून आला याची चौकशी करावी आणि उत्तर मिळाले नाही, तर तो घेऊ नये. समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या माणसालाही समुद्राची एवढी काळजी सहज घेता येते.