चंद्रावरच्या विहिरी

शिरूर तालुक्यातील कारेगावच्या शिवारात नवी विहीर खणली जात असली, म्हणजे काठाशी उभे राहून थोडा वेळ पाहावे. प्रथम माती निघते, मग मुरूम, आणि शेवटी सुरुंगावाचून न फुटणारा काळा पाषाण. निघालेला माल काठावर टाकीत गेल्यामुळे ढिगाचा क्रम मात्र उलटा होतो. तळचा दगड माथ्यावर येऊन बसतो. जाणता माणूस विहिरीत न उतरता, नुसता हा ढीग पाहून खाली काय आहे ते सांगतो.

चंद्रावर हे खोदकाम अशनींनी केले आहे. अवकाशातून प्रचंड वेगाने येणारा अशनी आदळला, की खडक फुटतो, वितळतो, चोहीकडे उधळतो आणि तेथे विवर पडते. असे एक विवर महाराष्ट्रातही आहे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे खारे सरोवर त्यातच साचले आहे. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर. ते ज्वालामुखीचे मुख असावे, असे पुष्कळ काळ मानले जाई; परंतु केवळ जबर आघातानेच बनणारी काच तेथे सापडल्याचे १९७३ साली प्रसिद्ध झाले आणि तो वाद मिटत गेला. लोणारचा खडक म्हणजे कारेगावच्या विहिरीतला तोच काळा पाषाण. चंद्रावरचे काळे डागही त्याच जातीच्या खडकाचे आहेत; म्हणूनच चंद्राचे अभ्यासक लोणारची वाट धरतात.

लोणारचा घाव मात्र वरवरचाच म्हटला पाहिजे. चंद्राचे कवच सरासरी ४० किलोमीटरांच्या आसपास जाड आहे आणि त्याखाली प्रावरण आहे. शास्त्रज्ञांच्या मते चंद्र आरंभी तप्त रसाने वेढलेला होता. तो निवताना फिकी, हलकी खनिजे वर तरंगली व त्यांचे कवच बनले. हिरवट ऑलिव्हीन आणि गडद पायरोक्सीन ही जड खनिजे खाली बसली. हे अनुमान खरे की खोटे, हे प्रावरणाचा दगड पाहिल्याशिवाय कसे कळावे?

येथे मोठी विवरे साहाय्याला येतात. घागरीत थेंब पडला, की पाणी दबते आणि लगेच मध्यभागी उसळी घेते. तद्वत मोठ्या आघातानंतर विवराचा तळ उसळून मध्ये डोंगर उभा राहतो. कोपर्निकस हे विवर ९३ किलोमीटर रुंद आहे. त्यातील डोंगरावर ऑलिव्हीन असल्याचे १९८२ साली पृथ्वीवरूनच ओळखले गेले. प्रत्येक खनिज सूर्यप्रकाशातील ठरावीक किरण गिळते. परत आलेल्या प्रकाशात कोणते किरण कमी आहेत हे पाहिले, की खनिजाचे नाव कळते.

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडे तर सुमारे २,५०० किलोमीटर रुंदीचे एक खोरे आहे. एवढ्या आघाताने कवच भेदले जाऊन ऑलिव्हीन विपुल दिसावे, अशी अपेक्षा होती. २००८ साली निघालेल्या चांद्रयान-१ वरील अमेरिकी उपकरणाने घेतलेल्या मोजमापांत मात्र तेथे मुख्यतः पायरोक्सीन आढळले! प्रावरणाचा वरचा थर मुळातच पायरोक्सीनचा आहे, की आघाताच्या उष्णतेने विहिरीचा तळच वितळून, कालवला जाऊन पुन्हा घट्ट झाला? याविषयी मतभेद आहेत. दुसऱ्या काही मोठ्या खोऱ्यांच्या कडांवर जपानच्या कागुया यानाला ऑलिव्हीन दिसले आहे, हेही विसरता येत नाही.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ याच प्रचंड खोऱ्याच्या कडेपासून सुमारे ३५० किलोमीटरांवर उतरले. त्याच्या 'प्रज्ञान' या गाडीने १०३ मीटर वाट चालून २३ जागी मातीची परीक्षा केली. माती बहुतांशी फिक्या कवचाचीच निघाली. परंतु तीत मॅग्नेशियम अपेक्षेहून अधिक होते. हा अंश खोऱ्यातून उधळलेल्या खोल थरांतील असावा, असे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०२४ साली मांडले. काठावरच्या ढिगातली चिमूटभर माती प्रज्ञानच्या हाती लागली होती.