पापड संपले, हिशेब राहिला

आज विषय खाण्याचा आहे, पण रेसिपी सांगणार नाही.

निवृत्तीनंतर मी आमेरला राहतो. किल्ला बघायला येणाऱ्यांची गर्दी सोडली तर गाव तसं साधंच. मध्यंतरी इथल्या एका शाळेने मला मुलांचा बाजार बघायला बोलावलं. राजस्थानात दहावीच्या मुलांसाठी ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’ नावाचं शिबिर असतं, त्याच्या शेवटच्या दिवशी हा बाजार होता. टेबलांवर मंगोड्या, पापड, लोणचं, वाळवलेली सांगरी. दोन तासांत सगळं संपलं. गुरुजी खूश, पालक खूश.

मी एका मुलीला विचारलं, “बेटा, एका पापडाला खर्च किती आला?” ती म्हणाली, “खर्चा कुछ नहीं अंकल, मम्मी ने बनाए.”

आता बघा, पीठ आईचं, मेहनत आईची, तेलही घरचं. मुलीने केलं काय, तर टेबलामागे उभी राहिली. फौजेत आमच्या लंगरचा हवालदार दहा किलो कांदा सोलल्यावर किती उरतो, हे तोंडपाठ सांगायचा. त्याला तो हिशेब कोणी फळ्यावर शिकवला नव्हता. रोज वजन करावं लागायचं, म्हणून आला.

त्याच टेबलावरची सांगरी घ्या. सांगरी म्हणजे खेजडीच्या कोवळ्या शेंगा. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला आपण जिची पूजा करतो तीच. उन्हाळ्याच्या सुरुवातीला शेंगा हिरव्या असतानाच उतरवायच्या, कारण पिकल्या की भाजीच्या कामाच्या राहत नाहीत. मग उकडायच्या आणि वाळवायच्या. ओल्या शेंगांचं ढीगभर वजन वाळल्यावर मूठभर होतं, म्हणून बाजारात सांगरी महाग. मुलांनी आधी आणि नंतर वजन केलं, तर शेकडेवारी तिथेच शिकून होते. नीट वाळली नाही तर बुरशी का येते, हा विज्ञानाचा धडा. काटेरी झाडावरून शेंगा काढायला किती तास गेले, हा मजुरीचा. शाळेने मात्र सांगरी बाजारातून विकत आणली होती, तीसुद्धा वाळलेली!

हे काम नीट करून दाखवलं ते आपल्या पुणे जिल्ह्यात, पाबळला. डॉ. श्रीनाथ कलबाग अन्नतंत्रज्ञ होते. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली मोठी नोकरी सोडून त्यांनी 1983 मध्ये शिरूर तालुक्यातल्या या कोरडवाहू गावात विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेला ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातून एक दिवस असतो. त्यात वेल्डिंग आणि बांधकाम आहे, वीज आहे, शेती आणि पशुपालन आहे, आणि गृह-आरोग्यात अन्नप्रक्रिया. आपली शेंगदाण्याची चिक्कीही त्यात येते.

चिक्की हे शिकवायला फार सोयीचं खाणं आहे. गुळाचा पाक झाला की नाही, हे बघायला थेंब गार पाण्यात टाकायचा. तो कडक होऊन मोडला तर पाक झाला, नुसता वाकला तर चिक्की दातांना चिकटणार. शेंगदाणे भाजून सालं पाखडली की वजन घटतं. हे घटलेलं वजन, गूळ, गॅस, कागद आणि स्वतःची मजुरी धरून खर्च काढायचा आणि वहीत लिहायचा. चिक्की घेणारा पैसे देऊन घेतो, त्यामुळे वाईट झाली तर तोंडावर सांगतो. गुरुजींचा शेरा एवढा खरा नसतो.

आता धोक्याबद्दल. शाळेत मुलांनी माल करून विकायचा म्हणजे बालमजुरीच नाही का, असं मला एका श्रोत्याने विचारलं. प्रश्न जुना आहे. 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीम मांडली. मुलांच्या हस्तोद्योगातून शाळेचा खर्च निघावा, अशी त्यांची अपेक्षा होती. त्यावर झाकिर हुसेन समितीने आराखडा केला आणि त्यातच बजावलं, की कमाईवर जोर देण्याच्या नादात शिक्षण मागे पडू शकतं. मला समितीचं म्हणणं जास्त पटतं. शाळेचं वीजबिल मुलांच्या लोणच्यातून भरायला लागलात, की पुढच्या वर्षी लोणचं दुप्पट हवं असणार आणि मग हिशेबाचा तास कापला जाणार. ज्या पोराचा हात चांगला, तो वर्षभर फोडीच चिरत बसणार!

म्हणून माझं मत असं, की माल थोडा करा. एकाच मुलाने शेंग उतरवण्यापासून पाकीट विकण्यापर्यंत प्रत्येक काम एकदा तरी करावं. उरलेले पैसे कुठे जाणार, ते मुलांसमोर ठरवा. शाळेच्या आवाराबाहेर नियमित विकणार असाल तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करा. छोट्या उत्पादकाचं काम साध्या नोंदणीवर भागतं. आणि पाकिटावर घटक, वजन, तारीख लिहा, तेही मुलांकडूनच.

यंदा त्या शाळेला मी एक वजनकाटा आणि एक जाड वही दिली आहे. शाळेमागच्या बांधावर दोन खेजड्या आहेत. एप्रिलमध्ये शेंगा धरल्या की उतरवायच्या, असं ठरलंय. शिडी माझ्याकडे आहे.