मेसॉनचे कोडे

नाणे १०० वेळा उडवले तर छापा साधारण ५० वेळा पडतो. तो ६५ वेळा पडला तर तुम्ही काय म्हणाल? योगायोग, की नाण्यातच काही गडबड? अशाच एका कोड्याने शास्त्रज्ञांना आठ वर्षे सतावले.

मेसॉन हा अणूपेक्षाही कितीतरी लहान कण. हे नाव सुचवले कोणी, ठाऊक आहे? मुंबईत जन्मलेल्या होमी भाभांनी, १९३९ साली! मेसॉनचे अनेक प्रकार आहेत. त्यांपैकी 'बी मेसॉन' सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाहून किंचित जास्त काळ टिकतो आणि फुटतो.

स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर जमिनीखाली २७ किलोमीटर घेराचा गोल बोगदा आहे. तेथे प्रोटॉनांची प्रचंड वेगाने टक्कर घडवतात. तीतून बी मेसॉन जन्मतात. क्वचित एखादा असा फुटतो, की त्यातून इलेक्ट्रॉनांची किंवा म्यूऑनांची जोडी निघते. म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा सुमारे २०० पट जड भाऊच. नियमाप्रमाणे दोन्ही जोड्या सारख्याच निघायला हव्यात. पण 'एलएचसीबी' या उपकरणाला २०१४ मध्ये म्यूऑन कमी आढळले. २०२१ मध्ये १०० इलेक्ट्रॉन-जोड्यांमागे म्यूऑन-जोड्या सुमारे ८५ भरल्या. हे निव्वळ योगायोगाने घडण्याची शक्यता हजारात एक. तुम्हांआम्हांला एवढे पुरे वाटेल. पण नवा शोध लागला असे म्हणायला शास्त्रज्ञांना सुमारे ३५ लाखांत एक अशी खात्री लागते.

एखादा अनोळखी कण तर मध्ये हात घालत नसेल? अशा एका कल्पित कणाला 'लेप्टोक्वार्क' म्हणतात. तो असेल, तर जोराच्या टकरीत प्रत्यक्षही निर्माण होईल. म्हणून त्याच बोगद्यातील ॲटलस आणि सीएमएस या उपकरणांनी त्याच्या खुणा शोधल्या. तो हाती लागला नाही. अर्थात न सापडणे म्हणजे नसणे नव्हे. कण फारच जड असेल, तर तो घडवायला टकरीची ऊर्जा अपुरी पडते.

डिसेंबर २०२२ मध्ये एलएचसीबीच्याच शास्त्रज्ञांनी नवी मोजणी जाहीर केली. काही भलतेच कण इलेक्ट्रॉन समजून मोजले गेले होते! ते वगळताच दोन्ही जोड्या सारख्या झाल्या. आपलाच गाजलेला निष्कर्ष त्यांनी स्वतः खोडून काढला.

तरी एक गाठ उरली आहे. म्यूऑन कोणत्या दिशांना उडतात, याचा हिशेब अजून नियमाशी नीट जुळत नाही. तेथील गणितही फार किचकट आहे. त्यामुळे चूक आकडेमोडीत आहे की खरोखरच कोणी नवा कण लपला आहे, हे ठरायचे आहे.